भाग ३८ : डिलननं बाजूला ठेवलेली गाणी

पॉडकास्ट ऐकताना नावं आणि सालं निसटून जातात, अशी तक्रार नेहमी येते. म्हणून या भागाचाही मजकूर इथे देतोय. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. वाचायला जड जाईल तिथे वाक्यं थोडी नीट केली आहेत, एवढंच.

तर, ५ मे १९८३. न्यूयॉर्कमधला ‘पॉवर स्टेशन’ नावाचा स्टुडिओ. बॉब डिलन पियानोवर बसलाय. सोबत ‘डायर स्ट्रेट्स’चा मार्क नॉफ्लर ॲकॉस्टिक गिटार घेऊन. बस, दोनच वाद्यं. गाणं आहे ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’. चाल ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ या जुन्या गाण्याच्या वळणाची. विषय अमेरिकेच्या दक्षिणेचा : गुलामगिरी, मळे, जळणारी घरं, साखळदंड. आणि प्रत्येक कडवं शेवटी त्या एका आंधळ्या ब्लूज गायकापाशी येऊन थांबतं.

पुढे हे गाणं डिलनच्या सर्वोत्तम गाण्यांत धरलं गेलं. पण त्या वर्षाच्या अखेरीस ‘इन्फिडेल्स’ हा अल्बम आला, त्यात आठ गाणी होती आणि हे नव्हतं. डिलननं ते बाजूला ठेवलं होतं. लोकांच्या हाती अधिकृतपणे यायला त्याला १९९१ उजाडलं. म्हणजे आठ वर्षं.

आजचा प्रश्न इथूनच सुरू होतो. गाणं कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं, हे ठरवणार कोण? ज्यानं लिहिलं तो? त्याची कंपनी? की ऐकणारे? डिलनच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत या तिघांनीही आपापल्या परीनं ते ठरवून पाहिलंय. म्हणून उदाहरण त्याचं घेतलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ‘आउटटेक’ म्हणजे स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, पण अल्बममध्ये न घेतलेलं गाणं, किंवा घेतलेल्याच गाण्याचा न निवडलेला टेक. ‘कव्हर’ म्हणजे दुसऱ्यानं आधी रेकॉर्ड केलेलं गाणं आपल्या पद्धतीनं गाणं. आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई दहा तऱ्हांनी गातात आणि त्याला कुणी वेगळं नाव देत नाही. रॉकच्या जगात मात्र १९६० नंतर ‘स्वतःचं गाणं स्वतः लिहिणारा’ हा मोठा माणूस झाला. त्यामुळे दुसऱ्याचं गाणं गाणं ही वेगळी नोंद करण्यासारखी गोष्ट ठरली. आणि गंमत अशी, की ही समजूत रुजवण्यात ज्याचा सगळ्यात मोठा वाटा, तो डिलन स्वतः सुरुवातीला दुसऱ्यांचीच गाणी गात होता.

उसन्या गाण्यांचा मुलगा

मार्च १९६२ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. त्यातल्या तेरा गाण्यांपैकी त्याची स्वतःची फक्त दोन. बाकी सगळी जुनी लोकगीतं, ब्लूज, चर्चमधली गाणी. त्यात एक होतं ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’. त्याची मांडणी, म्हणजे गिटारवरच्या सुरावटी, डिलननं उचलल्या डेव्ह व्हॅन रॉंक या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ज्येष्ठ गायकाकडून. व्हॅन रॉंकला ते स्वतः रेकॉर्ड करायचं होतं. डिलननं आधी रेकॉर्ड केलं आणि परवानगी मागितली नंतर!

मग काय झालं? व्हॅन रॉंक गायला लागला की लोक म्हणायचे, हे डिलनचं गाणं गातोय. वैतागून त्यानं गाणं सोडलं. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, इंग्लंडच्या ‘द ॲनिमल्स’नी तेच गाणं गाजवलं. आता डिलन गायला की लोक म्हणू लागले, हा ॲनिमल्सची नक्कल करतोय. मग डिलननंही ते सोडलं. व्हॅन रॉंक हा किस्सा हसत हसत सांगायचा.

हा किस्सा मी नुसत्या गमतीसाठी सांगितला नाही. डिलन ज्या परंपरेतून आला, तिथे गाणं एका माणसाचं नसायचं. ते हातोहात पुढे जायचं, आणि जाताना बदलायचं. त्याच माणसाच्या गाण्यांवर पुढे मालकीचे इतके खटाटोप झाले, हे पाहिलं की मौज वाटते.

गुलाबी घराचं तळघर

जुलै १९६६ मध्ये वुडस्टॉकजवळ डिलनचा मोटारसायकलवर अपघात झाला. त्यानं दौरे थांबवले. १९६७ मध्ये तो आणि त्याचे साथीदार, म्हणजे पुढे ‘द बँड’ नावानं ओळखली गेलेली मंडळी, रोज जमू लागले. आधी डिलनच्या घरी, मग जवळच वेस्ट सॉगर्टीजमधल्या एका गुलाबी रंगाच्या घराच्या तळघरात. या घराचं नाव ‘बिग पिंक’. ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसन टेप मशीनही सांभाळायचा. जुनी लोकगीतं, कंट्री, थट्टेची गाणी आणि मधूनच डिलनची नवीन गाणी. काही महिन्यांत शंभराहून जास्त गाणी टेपवर आली.

अल्बम काढायचा म्हणून हे चाललं नव्हतं. पण त्यातली चौदा गाणी निवडून त्यांची नमुना रेकॉर्ड तयार केली गेली आणि इतर गायकांकडे पोहोचवली गेली. म्हणजे, बघा, हे गाणं आहे, तुम्ही गाता का? गाणं दुसऱ्यानं गायलं तरी लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, त्यामुळे हा रीतसर धंदा होता. आणि तो चांगला चालला. मॅनफ्रेड मॅननं ‘माइटी क्विन’ गायलं, ते १९६८ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्युली ड्रिस्कॉल आणि ब्रायन ऑगर यांच्या चमूनं ‘धिस व्हील्स ऑन फायर’ गाजवलं. ‘द बर्ड्स’नी ‘यू एन्ट गोइन नोव्हेअर’ घेतलं. स्वतः ‘द बँड’नं त्यातली तीन गाणी आपल्या पहिल्या अल्बममध्ये घातली.

म्हणजे परिस्थिती अशी, की जगाला कव्हर माहीत आहेत आणि मूळ गाणी मात्र कुणी ऐकलेली नाहीत. मूळ पडलंय टेपवर. अशा वेळी जे होतं तेच झालं.

हातभट्टीची रेकॉर्ड

१९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दुकानांत एक विचित्र डबल रेकॉर्ड दिसू लागली. पांढरं कोरं पाकीट. ना नाव, ना फोटो, ना कंपनी. लोक तिला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हणू लागले. आत होतं काय? १९६१ मध्ये मिनियापोलिसला एका घरी केलेलं रेकॉर्डिंग, स्टुडिओतले काही आउटटेक, टीव्हीवरून उतरवलेलं एक गाणं, आणि तळघरातली काही गाणी. रॉकमधली पहिली गाजलेली ‘बूटलेग’ ती हीच. बूटलेग हा शब्द मुळात चोरट्या दारूचा. आपण हातभट्टीची म्हणतो ना, तशी ही हातभट्टीची रेकॉर्ड.

हे चोरीच होतं, यात शंका नाही. डिलनला त्यातून दमडी मिळाली नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. कंपनीनं जे बंद ठेवलं होतं, ते ऐकण्याची भूक किती मोठी आहे हे या रेकॉर्डनं दाखवून दिलं. १९७५ मध्ये कोलंबियानं ‘द बेसमेंट टेप्स’ नावानं अधिकृत संच काढला. चोवीस गाणी, त्यातली आठ डिलनशिवाय ‘द बँड’ची, आणि काहींवर नंतर वाद्यं चढवलेली. त्यामुळे जाणकारांचं समाधान झालं नाही. सगळं, म्हणजे १३८ ट्रॅक, बाहेर यायला २०१४ साल उजाडलं.

त्यातल्या एका गाण्याबद्दल सांगतो. ‘आय अॅम नॉट देअर’. हे गाणं पूर्ण लिहिलेलंच नाही. काही ओळी स्पष्ट आहेत, काही ठिकाणी नुसते शब्दासारखे आवाज आहेत. डिलन सुरावट धरून ठेवतो आणि अर्थ मागाहून येईल अशा भरवशावर पुढे जातो. अर्थ आला नाही. गाणं तिथेच राहिलं. १९७५ च्या संचात ते नव्हतं. २००७ मध्ये टॉड हेन्सच्या त्याच नावाच्या चित्रपटाच्या संगीतात ते पहिल्यांदा अधिकृतपणे आलं. ते ऐकताना मला दरवेळी वाटतं, की याचे शब्द पुरे झाले असते तर ते एक चांगलं गाणं झालं असतं, पण हे झालं नसतं. कुणीतरी अंधारात चाचपडत खोली ओळखतोय, तसं आहे ते.

कंपनीनं निवडलं तेव्हा

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, मग सगळंच बाहेर काढावं की! थांबा. १९७३ चं उदाहरण बघा.

त्या वर्षी डिलन कोलंबिया सोडून असायलम या दुसऱ्या कंपनीकडे गेला. कोलंबियाच्या कपाटात १९६९-७० मधले त्याचे आउटटेक पडून होते. कंपनीनं त्यातली नऊ उचलली आणि ‘डिलन’ या नावानं अल्बम काढून टाकला. नऊच्या नऊ दुसऱ्यांची गाणी किंवा लोकगीतं. एल्व्हिसनं गाजवलेलं एक, जोनी मिचेलचं एक. हात मोकळा करायला, गळा तापवायला गायलेली वाटावीत अशी. त्याची संमती नव्हती. समीक्षकांनी झोडपलं. सोडून गेलेल्या कलाकारावर काढलेला राग, असाच त्याचा अर्थ तेव्हा बहुतेकांनी लावला.

तेव्हा एक धडा मिळतो. टाकलेलं गाणं म्हणजे लपवलेलं रत्न असतंच असं नाही. पुष्कळदा ते टाकण्याच्याच लायकीचं असतं. आणि ते कोण, कशासाठी बाहेर काढतंय, यावर बरंच काही ठरतं.

दोन सप्टेंबर-डिसेंबर

पण लिहिणाऱ्याचा निवाडा तरी पक्का असतो का? ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ घ्या. डिलन कोलंबियाकडे परतल्यावरचा हा अल्बम, जानेवारी १९७५ चा. दहा गाणी त्यानं सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड केली होती. अल्बम तयार, नमुना प्रती निघालेल्या. डिसेंबरात तो मिनेसोटाला घरी गेला. भावाला ऐकवलं. भावाचं मत पडलं, की काही गाणी पुन्हा करायला हवीत. ऐन वर्षाअखेरीस मिनियापोलिसच्या ‘साउंड ८०’ स्टुडिओत स्थानिक वादकांना बोलावून पाच गाणी नव्यानं झाली. पाकिटं आधीच छापली होती, म्हणून त्या वादकांची नावंसुद्धा त्यावर आली नाहीत.

यातलं ‘इडियट विंड’ दोन्ही तऱ्हांनी ऐका. न्यूयॉर्कचं हळू, थकलेलं. भांडण संपून गेल्यावर अंधारात एकटा बसलेला माणूस. मिनियापोलिसचं दात-ओठ खाऊन गायलेलं. तो माणूस अजून दारात उभा राहून ओरडतोय. शब्दही थोडे बदललेत. आपण ज्याला ‘खरं’ गाणं म्हणतो, ते डिसेंबरातलं. भावानं काही म्हटलं नसतं, तर खरं गाणं सप्टेंबरातलं ठरलं असतं.

दुर्मीळ टेप्सचे शौकीन इथे फुशारकी मारतात : ‘न्यूयॉर्कचं ऐकलं नाहीस? मग काय ऐकलंस!’ मला ते पटत नाही. निवड करणं हेही कामच आहे, गाणं लिहिण्याइतकंच. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चं बघा. १५ जून १९६५ ला ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या चालीत चाचपडत होतं. दुसऱ्या दिवशी अॅल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा, जो खरं म्हणजे गिटारवाला, ऑर्गनवर जाऊन बसला आणि चौथ्या टेकला गाणं लागलं. त्यानंतरही ते वाजवत राहिले, पण ते पुन्हा तसं लागलं नाही. २०१५ मध्ये त्या काळातले सगळे टेक अठरा सीडींच्या संचात आले, तेव्हा एक पूर्ण सीडी या एकाच गाण्याची होती. ती ऐकून बाहेर पडलं की चौथ्या टेकबद्दलचा आदर वाढतो. बाकीचे टेक ऐकायचे ते यासाठी.

कायद्याची गंमत

आता हे संच निघतात का, याचं एक कारण रसिकतेशी अजिबात संबंधित नाही. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर्षांचा झाला, पण अट अशी की रेकॉर्डिंग पहिल्या ५० वर्षांत प्रसिद्ध झालेलं हवं. नाहीतर हक्क गेला. डिलनचं १९६२ चं कपाटातलं सगळं २०१२ अखेर हातातून जाणार होतं. मग सोनीनं काय केलं? डिसेंबर २०१२ मध्ये चार सीडींचा एक संच काढला. सुमारे शंभर प्रती, फक्त युरोपात, साधं पाकीट, आणि शीर्षकातच सरळ लिहिलेलं की हा हक्क वाढवण्यासाठीचा संच आहे! लोकांनी ऐकू नये, पण कायद्यानं म्हणावं की प्रसिद्ध झालं. पांढऱ्या कोऱ्या पाकिटातल्या चोरट्या रेकॉर्डनंतर ४३ वर्षांनी कंपनीनं जवळपास तशीच वस्तू बाजारात आणली.

एका तुकड्याचा प्रवास

याउलट एक गोष्ट. १९७३ मध्ये ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ या चित्रपटाच्या संगीताच्या वेळी डिलननं एका गाण्याचा तुकडा रेकॉर्ड केला. धृपद आहे, कडवी नाहीत, मध्ये नुसती पुटपुट. सोडून दिला. तो बूटलेगवर फिरत राहिला. पुढे केच सेकर नावाच्या एका शाळकरी मुलाच्या हाती मित्रानं आणलेली ती बूटलेग पडली. त्यानं कडवी लिहिली, घराच्या ओढीची, दक्षिणेकडे निघालेल्या मुलाची. त्याच्या ‘ओल्ड क्रो मेडिसिन शो’ या चमूनं २००४ मध्ये ते ‘वॅगन व्हील’ म्हणून अल्बममध्ये घेतलं. हक्क डिलन आणि सेकर यांच्यात वाटले गेले. २०१३ मध्ये डेरियस रकरनं त्याचं कव्हर केलं आणि ते अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आलं. आणि डिलनच्या धृपदाची कल्पना तरी त्याची कुठे? तिचा माग आर्थर क्रूडपसारख्या जुन्या ब्लूज गायकांपर्यंत जातो.

म्हणजे ब्लूजकडून डिलनकडे, डिलननं टाकलं, चोरानं विकलं, मुलानं पुरं केलं, तिसऱ्यानं गाजवलं. डिलन ज्या परंपरेत वाढला ती हीच की.

मॅक्टेलकडे परत

‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ का वगळलं, यावर डिलन पुढे जे बोलला त्याचा आशय एवढाच, की ते गाणं पूर्ण झालं नव्हतं, वादकांना दाखवण्यापुरतं होतं. त्याच सुमारास पूर्ण साथीनिशीही ते करून पाहिलं होतं. ते रेकॉर्डिंग २०२१ मध्ये आलं. माझा अंदाज असा : ज्या गाण्याचा मुद्दाच हा, की त्या माणसासारखं आता कुणी गाऊ शकत नाही, ते गाणाऱ्याला स्वतःचा टेक पुरेसा वाटणं कठीणच. टेपा विकत-बदलत जमवणाऱ्यांनी ते आठ वर्षं जिवंत ठेवलं. १९९१ मध्ये ते ‘बूटलेग सिरीज’च्या पहिल्या संचात आलं. १९९३ मध्ये ‘द बँड’नं त्याचं कव्हर केलं. आणि १९९७ पासून डिलन स्वतः मैफिलीत ते गाऊ लागला. टाकलेलं गाणं जुन्या साथीदारांकडून फिरून त्याच्याकडे परत आलं.

आणि खरा मॅक्टेल? जॉर्जियाचा. लहानपणीच दृष्टी गेलेला, बारा तारांची गिटार वाजवणारा. १९२७ पासून रेकॉर्ड करत होता. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांकडे वेगवेगळ्या नावांनी. कोलंबियासाठी तो ‘ब्लाइंड सॅमी’ होता. पुढे जी डिलनची कंपनी झाली, तीच ही कोलंबिया. १९५६ मध्ये अटलांटातल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं त्याला टेपसमोर बसवलं. तो गायला, आठवणी सांगितल्या. १९५९ मध्ये तो वारला, तेव्हा फारसं कुणाला कळलंही नाही. ते टेप माळ्यावर पडून खराब झाले. एक तेवढा वाचला, आणि त्यातून त्याच्या मृत्यूनंतर ‘लास्ट सेशन’ हा अल्बम निघाला.

म्हणून माझं मत विचाराल तर हे. काय प्रसिद्ध करायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवावं, पहिला शब्द त्याचाच. पण टेप पुसू नये, जाळू नये, माळ्यावर कुजू देऊ नये. आज निवडण्यात चूक झाली असेल, तर तीस वर्षांनी दुरुस्त करायला ती टेप लागते. डिलनचे कागद आणि टेपा आता ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात नीट ठेवल्या आहेत. २०२२ मध्ये तिथे त्याच्या नावाचं केंद्र उघडलंय. मॅक्टेलच्या वाट्याला एक माळा आला.

ऐकायचं असेल तर क्रम असा धरा. आधी ‘लास्ट सेशन’मधला मॅक्टेल. मग डिलनचं १९८३ चं पियानोवरचं गाणं. मग ‘द बँड’चं. अठरा सीडींच्या संचाच्या वाटेला लगेच जाऊ नका, खिसा आणि घरची शांतता दोन्ही जातात.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा.